घराच्या पाठभिंतीला रसाची भट्टी?

प्रश्न : काकाजी, हिंगण्याच्या पुढे प्लॉटवर घराचं काम सुरू आहे. जमीन काळी. शेतात थोडा ऊस आहे, त्याची काकवी घरीच करायची इच्छा आहे. भाचा कॅनडात असतो. तिकडे मॅपलच्या झाडाचा रस लाकडावर आटवतात, त्या चपट्या कढईच्या भट्टीचे फोटो त्यानं पाठवले. माझ्या फ्लाय ॲशच्या विटा उरणार आहेत. मिस्त्री म्हणतो, घराच्या मागच्या भिंतीला टेकवून सिमेंटात बांधून देतो, एक भिंत वाचते. बांधू का?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : नका बांधू. वाचते म्हणतो तीच भिंत आधी जाईल.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया मुरमापर्यंत नेला असेलच. (नसेल, तर भट्टी राहू द्या बाप्पा, आधी ते बघा.) भट्टी बसणार वरच्या वर, म्हणजे दोघांची हालचाल वेगळी आणि सांधा तुटणार. शिवाय १०० लिटर रसातलं ८० लिटर पाणी वाफ होऊन नव्या प्लास्टरवर बसेल. भट्टी घरापासून दहा-बारा फूट लांब घ्या. दोन फूट काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसा. वर टिनाचं शेड, आणि आढ्यापाशी वाफ जायला उघडी फट. कॅनडातही रसघराच्या छपराला अशी वाट ठेवलेली असते.

फ्लाय ॲशच्या विटा भाजलेल्या नसतात, सिमेंट-चुन्यावर घट्ट झालेल्या असतात. सततच्या जाळात त्या भुसभुशीत होतात, सिमेंटचा मसालाही तसाच सुटतो. बाहेरच्या अंगाला खुशाल लावा. आत, जिथं जाळ लागतो तिथं फायर ब्रिक (जाळ सोसणारी वीट) आणि फायर क्लेचा (तशाच मातीचा) गारा. मिस्त्री भिंतीत हुशार असेल, पण चुलीचं त्यानं घरच्या म्हातारीला विचारावं.

आता खरी गोष्ट. मॅपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के, म्हणून ४० लिटरचं एक लिटर सिरप होतं. उसाच्या रसात ती आठ-नऊ पट, पाच लिटरला एक लिटर काकवी. म्हणून त्यांचा आकार, कप्पे, नळ्या काही उचलू नका. उचलायचा तो जाळाचा रस्ता. दोन फूट बाय चार फूट, आठ इंच काठाची एकच कढई पुरे. पुढच्या दीड फुटात लोखंडी जाळी, खाली राख पडायला आणि वारा शिरायला मोकळी जागा. जाळीच्या मागे मुरूम भरून चढ करत न्या, इतका की शेवटी कढईच्या बुडाखाली तीन इंचच फट उरावी. ज्वाळा बुडाला चाटत गेली पाहिजे. खाली पोकळ ठेवलंत तर आच थेट धुराड्यात. धुराडं कढईच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे आठ फूट.

जळण मनगटापेक्षा जाड नको. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या), वाळलेलं चिपाड उत्तम. भडकून जळतं, फक्त एक माणूस तोंडाशी बसलेला हवा. एवढ्या कढईतून तासाला २५ लिटरच्या आसपास पाणी उडतं, म्हणजे १०० लिटरला साडेतीन तास धरा. रस दोन इंचांवर ठेवा, आटला की वरून थोडा थोडा घाला. बुडापासून इंचाच्या खाली गेला की करपलाच समजा.

कढई ३०४ ग्रेडच्या स्टीलची, आर्गनचं वेल्डिंग. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्तात देतो कुणी म्हणालं तरी नको. रस आंबट असतो, जस्त त्यात उतरतं. मळी, म्हणजे रसातली घाण, पहिल्या उकळीआधीच काढा. रानभेंडीचा चिकट रस घातला की ती वर येते. फेस चढला तर शेंगदाणा तेलाचे दोन थेंब.

उतरवायची कधी? नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, इथं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. त्याच थर्मामीटरनं आधी साधं पाणी उकळून आकडा लिहून ठेवा. त्याच्या सहा अंश वर काकवी. गुळाला ११८च्या पुढे जावं लागतं, त्या फंदात या वर्षी पडू नका. आणि जाळ गॅससारखा बंद होत नाही, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात जळण कमी करत आणा, आच जास्त वाटली तर ओतायला कच्च्या रसाची एक बादली हाताशी राखून ठेवा.