क्लोराईडची सूत्रं पाठ करण्याआधी इलेक्ट्रॉन मोज
सोडिअमच्या इलेक्ट्रॉनांची कवचांनुसार मांडणी २, ८, १ आणि क्लोरीनची २, ८, ७, एवढं आधी लिहून काढ. एकाला शेवटचा इलेक्ट्रॉन नकोसा, दुसऱ्याला नेमका एकच कमी. देवाणघेवाण झाली की धन आणि ऋण आयन (विद्युतभार असलेले अणू) एकमेकांना असे घट्ट धरतात की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. मॅग्नेशिअम दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणून त्याला क्लोरीनचे दोन अणू. कॅल्शिअमचंही तेच.

लोखंडापाशी मात्र जपून (मीही इथेच गुण घालवले होते). तापलेल्या लोखंडावरून क्लोरीन वायू सोडला तर फेरिक क्लोराईड (लोखंड तीन इलेक्ट्रॉन देतं, FeCl₃) मिळतं, हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं तर फेरस (दोनच देतं, FeCl₂).

प्रयोग व्हिडिओतच बघ. क्लोरीन विषारी आहे.