पाळण्यात असतानाच देशोधडीला : एडवर्ड एथलिंगबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : क्नूटने एडवर्ड आणि त्याचा भाऊ, या दोन पोरांना लगेच का नाही मारलं?

३० नोव्हेंबर १०१६ ला इंग्लंडचा राजा एडमंड आयर्नसाइड वारला आणि अख्खं इंग्लंड डॅनिश क्नूटच्या हातात गेलं, मागे राहिली त्याची दोन तान्ही पोरं, आपला एडवर्ड आणि एडमंड. त्यांच्या काकाला, एडविगला, क्नूटने मारवलंच, पण पाळण्यातली बाळं आपल्याच राज्यात मारली तर केवढा बोभाटा होणार, म्हणून त्याने ती स्वीडनच्या राजाकडे पाठवली, तिकडेच काटा काढा म्हणून. त्या राजाला ते काही करवलं नाही, त्याने पोरं पुढे हंगेरीला धाडली. वूस्टरच्या जॉन नावाच्या साधूने शंभरेक वर्षांनी हे असं लिहून ठेवलंय.

प्रश्न : एथलिंग म्हणजे युवराजच ना?

नाही हो. युवराज एकच, आधीच ठरलेला. एथलिंग म्हणजे गादीवर हक्क सांगू शकेल असा राजरक्ताचा कुणीही, आणि कोणाला बसवायचं ते सरदार-बिशपांची सभा, विटान, ठरवायची. म्हणून तर क्नूटला तान्ह्या बाळांचीही धास्ती!

प्रश्न : एडवर्ड द कन्फेसर तो हाच का?

नाही, तो याचा सावत्र काका, पुढे इंग्लंडचा राजा झालेला. तोही क्नूटमुळेच परागंदा, पण नॉर्मंडीत, आईच्या माहेरी.

प्रश्न : मग चाळीस वर्षांनी परत कशाला आला? विष घातलं म्हणतात ते खरं का?

कन्फेसरला मूल नव्हतं, गादीला वारस हवा होता. १०५४ मध्ये वूस्टरचा बिशप एल्ड्रेड जर्मनीतल्या कोलोनला गेला, तिथल्या सम्राट तिसऱ्या हेन्रीच्या मदतीने याला परत आणायला, आणि तिथे जवळजवळ वर्षभर राहिला. शेवटी १०५७ ला एडवर्ड आला आणि थोड्याच दिवसांत गेला, राजाची भेटसुद्धा झाली नाही. ती का होऊ दिली नाही हे आम्हाला ठाऊक नाही, असं त्या काळच्या बखरीतच आहे, आणि ते वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. विषाला पुरावा काहीच नाही, त्यामुळे मी कुणावर आळ घेणार नाही. त्याला लंडनच्या सेंट पॉलमध्ये पुरलं.

प्रश्न : एडवर्डच्या मुलांचं, एडगर आणि मार्गारेटचं, काय झालं?

नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडवर चाल करून जिंकलेल्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर विटानने एडगरला राजा निवडला, पण राज्याभिषेक होण्याआधीच त्याला विल्यमला शरण जावं लागलं. मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली, पुढे संतही. तिची मुलगी मटिल्डा, म्हणजे आपल्या एडवर्डची नात, हिचं ११ नोव्हेंबर ११०० ला वेस्टमिन्स्टर ॲबीत विल्यमच्याच मुलाशी, पहिल्या हेन्रीशी, लग्न लागलं.