मनिलाला जाण्याआधी रोजच्या बोलण्यातले कोणते फिलिपिनो शब्द शिकावेत?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी सहा महिने मनिलाला जायचंय, 'सालामात' म्हणजे धन्यवाद एवढं येतं, आणि तिथली माणसं राजकारणावर बोलताना कोणते शब्द वापरतात तेही कळायला हवंय. मी मनिलात राहिलेलो नाही. पण एकोणीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली, आणि फिलिपिनो नाहीत अशी बोट मला क्वचितच मिळाली. तेव्हा माझं तागालोग, म्हणजे फिलिपिनो जिच्यावर उभी आहे ती भाषा, मेसरूममधलं, बोटीवरच्या जेवणघरातलं आहे, हे धरून वाचा.

सगळ्यात आधी एका शब्दापासून सांभाळा. जेवताना एक ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा खलाशी, म्हणाला, मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळात माझ्या काकाला 'सॅल्व्हेज' केलं. आमच्या धंद्यात सॅल्व्हेज म्हणजे बुडती बोट वाचवणं. मी खुशीत विचारलं, "अरे वा, मग आता कुठे असतात काका?" टेबलावर कुणी बोलेना. मग कुकने मला बाजूला घेऊन सांगितलं. तिकडे सॅल्व्हेज करणं म्हणजे माणसाला उचलून न्यायचं, खटला-बिटला न चालवता मारायचं आणि प्रेत कुठेतरी टाकून द्यायचं. मूळ शब्द 'साल्बाहे', स्पॅनिशमधून आलेला, अर्थ रानटी, दुष्ट. वांड पोरालाही आई साल्बाहे म्हणते. १९७२ साली तिथला अध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ पुकारला, आणि त्या वर्षांत या साल्बाहेला इंग्रजी सॅल्व्हेजचा सदरा चढला. तिथल्या इंग्रजी पेपरांतही हाच अर्थ चालतो. त्या ऑइलरची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तो हसला, पण मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

'तोकहांग' त्याच घरातला. सेबू बेटाकडच्या भाषेत 'तोकतोक' म्हणजे दार ठोठावणं आणि 'हांग्यो' म्हणजे विनवणी. २०१६ मध्ये दुतेर्ते अध्यक्ष झाल्यावर पोलिसांनी अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेला हे नाव दिलं: दार वाजवायचं आणि व्यसन सोडा म्हणून विनंती करायची. पोलिसी कारवाईत सहा हजारांवर माणसं मेल्याचं सरकारी आकडेच सांगतात, मानवाधिकारवाल्यांचे आकडे याहून बरेच मोठे आहेत. आता 'अमक्याला तोकहांग केलं' म्हटलं की विनवणी कुणाच्या डोक्यात येत नाही. मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं.

बाकीचे शब्द हसायचे. 'त्रापो' म्हणजे फडकं, ओटा पुसायचं. 'ट्रॅडिशनल पॉलिटिशियन'ची दोन टोकं जोडली की तोच शब्द तयार होतो, मग मुरलेल्या पुढाऱ्याला वेगळी शिवी लागतेच कशाला? पक्ष बदलणारा तो 'बालिंबिंग', म्हणजे कमरख: कुठूनही बघा, समोर एक नवी कड. आपल्या आयाराम-गयारामाला ही चव नाही. लाचखाऊ तो 'बुवाया', म्हणजे मगर (आपल्या बुवांशी संबंध नाही, योगायोग समजा).

मला सगळ्यात आवडतो तो 'एपाल'. 'पापेल' म्हणजे कागद, आणि नाटकातली भूमिकाही. नको तिथे भूमिका घेऊन पुढे पुढे करणारा तो 'मापापेल', आणि टवाळ पोरांनी अक्षरं उलटीपालटी करून त्याचा एपाल केला. लोकांच्या पैशातून बांधलेल्या पुलावर, गटारावर, अँब्युलन्सवर, मदतीच्या तांदळाच्या पिशवीवर स्वतःचं नाव आणि हसरा फोटो छापणारा पुढारी म्हणजे एपाल. मिरियम सँटियागो या सिनेटरबाईंनी याविरुद्ध विधेयक आणलं, तर त्यालाही लोकांनी 'अँटी-एपाल'च म्हटलं. ते काही पास झालं नाही. आपल्या नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स आणि त्यावर 'भावी आमदार' असतात, पण त्या माणसासाठी मराठीत असा तीन अक्षरी शब्द अजून कुणी काढलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

'वांग-वांग' म्हणजे सायरन. गाडीवर तो लावून ट्रॅफिक चिरत जाणारे साहेबलोक इतके झाले की २०१० मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर नोयनोय आकिनोने पहिल्याच भाषणात सांगितलं, यापुढे वांग-वांग बंद. तेव्हापासून सत्तेच्या माजालाच वांग-वांग म्हणतात. (आपल्याकडे लाल दिवा २०१७ मध्ये उतरला.)

आणि हो, टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट. झाकण नको, एक वर चढला की बाकीचे पाय ओढतात. ती मराठी माणसाची आहे असं मी पंचविशीपर्यंत समजत होतो. कुकने तीच गोष्ट 'आमच्या फिलिपिनो लोकांची' म्हणून सांगितली. त्याला तिकडे 'उताक-तालांगका' म्हणतात, खेकड्याचा मेंदू. आम्ही दोघं हक्कासाठी बराच वेळ भांडलो.

काही शब्द तुम्हाला शिकावेच लागणार नाहीत. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा, 'गुरो' म्हणजे शिक्षक. संस्कृतातून मलायमार्गे गेलेले. निर्लज्ज माणसाला 'माकापाल आंग मुखा', जाड तोंडाचा, म्हणतात. आणि 'बान्सा' म्हणजे देश. हा आपला 'वंश'. वंशावरून आठवलं: तिथल्या १९८७ च्या घटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी आहे, फक्त घराणेशाही म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचं असं त्याच कलमात लिहिलंय. तो कायदा करायचा त्याच घराण्यांतून निवडून आलेल्यांनी, त्यामुळे पुढची तीस-पस्तीस वर्षं तो झालाच नाही. २०२२ मध्ये मार्कोसचा मुलगा अध्यक्ष आणि दुतेर्तेंची मुलगी उपाध्यक्ष झाली.

शिकायचंच तर 'पो' शिका. वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात घालायचा, आपल्या अहो-जाहोसारखा. आणि घरमालक बारांगायचा, म्हणजे वॉर्डाचा, कॅप्टन असेल तर त्रापो हा शब्द फक्त ओट्यासाठी वापरा.