पेट्रोल की करंट? जुन्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी 1986 ची पद्मिनी उन्हाळ्यात घोडबंदर रस्त्यावर सिग्नलला दहा-पंधरा मिनिटं अडकली की गचके खाऊन बंद पडते. अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. पेट्रोल पंप नवा टाकला, तरी तेच. (कासारवडवली)

पंप बदलण्याआधी एवढंच ठरवायला हवं होतं की गाडी बंद पडते तेव्हा कमी काय पडतं, पेट्रोल की करंट? दोन्ही बिघाड इंजिन तापल्यावर होतात आणि निवल्यावर आपोआप मिटतात, म्हणून फसगत होते. गॅरेजपर्यंत ओढून नेईस्तोवर पुरावाही थंड झालेला असतो. तपासणी रस्त्याच्या कडेलाच करावी लागते.

इग्निशन बंद करा, एअर क्लीनर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत एक्सलरेटरची दांडी हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) भरलेलं आहे, पंपाला दोष देऊ नका. मग एअर क्लीनर परत बसवा, पेट्रोलचा वास पूर्ण जाऊ द्या. डिकीतला जादा प्लग कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) मधल्या जाड वायरीला लावा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवून ठेवा, हात दूर घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी ठीक. पिवळी, मरगळलेली असेल किंवा मुळीच नसेल तर कॉइल नाहीतर कंडेन्सर.

धारच उडाली नाही तर व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकल्याचा संशय घ्या. टाकी मागे, पंप इंजिनाला चिकटलेला. पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. नळीत वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो, पुढे काही सरकत नाही. त्यात पंखा पट्ट्यावर चालणारा, सिग्नलला इंजिन मंद तर पंखाही मंद. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर दोन-तीन मिनिटांत गाडी चालू झाली तर निदान पक्कं.

आता नवा पंप उतरवून बघा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड बेकेलाइटचा स्पेसर आहे का? पंप बदलताना तो जुन्या पंपासोबत भंगारात जाणं नेहमीचं. त्याची कामं दोन : ब्लॉकची उष्णता अडवणं आणि पंपाच्या दांडीचा कॅमवरचा (दांडी हलवणाऱ्या उंचवट्यावरचा) स्ट्रोक ठरवणं. तो नसेल तर पंप तापतो, शिवाय दांडी जास्त दाबली जाऊन लवकर झिजते. जाडी मूळ स्पेसरइतकीच हवी. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल तर चार बोटं लांब घेऊन क्लिप मारा.

करंटच्या बाजूने सापडलं तर मल्टिमीटर घ्या, कॉइलच्या वायरी सोडवा आणि दोन बारीक टर्मिनलांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण 3 ओहम यायला हवा. 1.5 ओहम आला तर ती बॅलास्टवाल्या (कॉइलच्या आधी वेगळा रेझिस्टन्स असलेल्या) गाडीची कॉइल आहे. 12 व्होल्टला 4 अँपियरच्या जागी 8 अँपियर ओढते, स्वतः तापते आणि पॉइंटही (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जाळते. दुकानात दोन्ही कॉइल दिसायला सारख्याच, आकार बघून घेऊ नका. पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावा. लुकास-टीव्हीएस डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मि.मी.

प्रश्न : जुन्या, पॉइंटवाल्या बुलेटला किक मारताना उलटा झटका बसतो. अ‍ॅमीटर (करंट दाखवणारा काटा) बघून किक मारा म्हणतात, ते कसं? (नेरूळ)

इग्निशन चालू, दिवे बंद ठेवून किक हळूहळू दाबत जा. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइल करंट घेते, काटा वजाकडे झुकलेला राहतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे हे कॉम्प्रेशनच्या शेवटीच घडतं, एक्झॉस्टला नाही. काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून किक किंचित पुढे न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एकच लांब किक, शेवटपर्यंत. पिस्टन शेंडा ओलांडून गेलेला असल्याने ठिणगी आता पुढच्या फेरीला, पुरता वेग आल्यावर पडते. अर्धवट किक हीच झटक्याची जननी.

तरीही झटका बसला तर टायमिंग फार पुढे आहे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते. 350 ला पिस्टन शेंड्याच्या 0.8 मि.मी. आधी असताना पॉइंट उघडू लागले पाहिजेत. ऑटो-अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी यंत्रणा) वजनं गंजून उघडी अडकली असली तरी हेच होतं. आणि किक मोकळी घसरत असेल तर आधी क्लचची केबल बघा. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच जातो, केबलला दोन-तीन मि.मी. ढिलाई नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही.

प्रश्न : टू-स्ट्रोक चेतकला जास्त ऑइल घातलेलं चांगलं ना? पावसाळाभर उभी असते. (कोपरी)

नाही. लिटरला 20 मि.ली. टू-टी ऑइल पुरे. जास्त घातलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट कोरडं होतं. प्लग ओला, सायलेन्सर काजळीने चोंदलेला, हे वेगळंच.

उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीही रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी पुरेसं झालं की पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. ठाण्याच्या दमट हवेत हे व्हायचंच. जुनी रबरी नळी फुगून मऊ पडली असेल तर इथेनॉल सोसणारी घाला.

प्रश्न : कॉलेजच्या प्रदर्शनासाठी चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचा तक्ता काढतो आहे. चुका कुठे होतात? (ऐरोली)

दातेरी चाकांपासून सुरुवात करा. क्रँकवर 20 दात काढले तर कॅमवर 40 हवेत. दोन्ही सारखी काढली की पुढचं सगळं चित्र खोटं.

मग पिस्टन. 1 आणि 4 एकाच उंचीवर, 2 आणि 3 एकाच उंचीवर. पण उंची एक म्हणजे काम एक नव्हे! फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) 1-3-4-2 असताना पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वर असतो तेव्हा चौथा एक्झॉस्ट संपवत असतो, आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. बहुतेक तक्त्यांत ते घट्ट मिटलेले दाखवतात. तुम्ही कॅमचं टोक दोन्हींकडे किंचित कललेलं काढा. ठिणगीही पिस्टन शेंड्याला पोचायच्या काही अंश आधी दाखवा, जळायला वेळ लागतो म्हणून. आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी सरळ 1-2-3-4 जोडू नका.

प्रश्न : 1982 ची येझ्दी आहे. व्हिंटेज नंबर मिळेल का? (वाशी)

आत्ता नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीलाच 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणी शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपये. तो नंबर घेतल्यावर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. 2032 पर्यंत आरटीओत नेहमीचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण करत राहा.