उलट्या वाटेचे यात्रेकरू

प्रश्न : कैलास परिक्रमेत काही तिबेटी यात्रेकरू समोरून येतात, ते का? दंडवत घालणारे भेटले तर काय पाळावं?

उत्तर : समोरून येणारे वाट चुकलेले नसतात, ते बोनपंथी, म्हणजे तिबेटच्या जुन्या बोन धर्माचे अनुयायी. बौद्ध कैलास उजव्या हाताला ठेवतात, बोनपंथी डाव्या. ५२ किलोमीटरची ही ‘कोरा’ (परिक्रमा) बरेच तिबेटी एका दिवसात उरकतात (आपण तीन दिवस धापा टाकतो!), दंडवतवाल्यांना मात्र दोन-तीन आठवडे लागतात. तळहातांना लाकडी फळ्या, पुढे जाड एप्रन. आडवं झाल्यावर हात पोचतात तिथपर्यंत चालायचं, तिथूनच पुढचा दंडवत. त्यांना समोरून ओलांडू नका, फोटोआधी विचारा.

तंबूत लोणी-मिठाचा चहा मिळेल. घोट घेतला की पेला पुन्हा भरतात. पुरे झाला तर भरलेलाच ठेवा, निघताना संपवा.