लिंगनिश्चिती होते, लिंगनिदान करतात

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 'लिंगनिश्चिती', सोनोग्राफीच्या दवाखान्यातल्या पाटीवर 'गर्भलिंगनिदान' आणि बातमीत 'लिंगनिश्चिती करणारा डॉक्टर अटकेत'. शब्द वेगळे, अर्थ एकच का?

एकच नाही. क्रियापद लावून पाहा. निश्चिती होते, निदान कुणीतरी करतं. गर्भाचं लिंग ठरायला डॉक्टर लागत नाही. जे ठरलंय ते शोधून काढणं म्हणजे निदान. म्हणून पाटी बरोबर आणि बातमी चूक. १९९४ च्या कायद्याने बंदी घातली ती निदानाला, २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीच्या निवडीलाही. मला स्वतःला 'निदान' इथे खटकतो, कारण तो रोगाच्या शेजारी वाढलेला शब्द आहे. पण कायद्यात रुळलाय, तोच वापरावा.

निश्चितीही एका फटक्यात संपत नाही. फलनाच्या वेळी शुक्राणूतून एक्स गुणसूत्र आलं की वाय, एवढंच ठरतं. आईकडून सहसा एक्सच येतं, त्यामुळे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावायला काडीचा आधार नाही. त्यानंतर सहाएक आठवडे गर्भाच्या जननग्रंथी दोन्ही वाटांना मोकळ्या असतात, आणि पुढे स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही प्रकारच्या जननमार्गांच्या नलिकाही प्रत्येक गर्भात तयार होतात. मग वायवरचं एसआरवाय जनुक (ते १९९० मध्ये सापडलं) ग्रंथीला वृषणाच्या वाटेवर नेतं. वृषणातलं एक संप्रेरक गर्भाशयाची पूर्वनलिका विरवून टाकतं, टेस्टोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक पुरुष जननमार्गाच्या नलिका टिकवतं. एसआरवाय नसेल तर बीजांडकोश घडतो; तो 'आपोआप' घडतो असं मात्र लिहू नये, त्यासाठीही वेगळी जनुकं राबत असतात. या साऱ्या घडणीला 'लिंगविभेदन' म्हणावं. तिच्यातले टप्पे कधी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काही बाळांची शरीरं दोन ठरावीक साच्यांत पूर्ण बसत नाहीत.

आपल्या अहिराणीत मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर'. सांगाडा तोच, मधला एक स्वर तेवढा वेगळा. ताई, मुलीला विभेदन समजावताना हे दोन शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून दाखवा.