ड्रायरची वाफ सोडायची कुठे?

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून पाइपवाला ड्रायर घेतला आणि काचा लावून बंद केलेल्या मागच्या बाल्कनीत ठेवला. प्लंबरने पाइप बाथरूमच्या डक्टमध्ये सोडला. आता दोन तास फिरवूनही कपडे दमट राहतात आणि डक्टकडच्या भिंतीला बुरशी आली आहे. काय चुकलं?

उत्तर : पाइप सोडायची जागा चुकली. 5 किलो कपडे स्पिन होऊन निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन डक्टमध्ये जातं आणि गार भिंतींवर पुन्हा पाणी होऊन मुरतं. शेजाऱ्यांच्या बाथरूममध्येही तीच वाफ शिरते. पाइप उघड्या हवेतच निघाला पाहिजे.

बाल्कनीच्या बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंगवाल्याकडून (मशीनने गोल भोक कापणाऱ्याकडून) साडेचार इंची भोक पाडून घ्या. छिन्नीने फोडलं तर विटा हलतात आणि भोकाभोवती ओल धरते. बीम-कॉलमला हात लावू देऊ नका. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी मशीनकडे येत नाही. बेळगावला पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते. पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत मिळाली तर तीच घ्या.

ड्रेनेजचा 4 इंची पीव्हीसी पाइप मापाला बसतो, म्हणून तोच जोडून देतात. तो मुळीच नको. कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू त्याला चिकटून थर साचतो, आणि हा थर पेट घेऊ शकतो. गुळगुळीत ॲल्युमिनियमचा किंवा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा 4 इंची पाइप घ्या. मशीनकडच्या तुकड्याचं तोंड पुढच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. उलट बसवलं तर प्रत्येक सांध्यावर तंतू अडकतात. सांध्यांना ॲल्युमिनियम टेप लावा. स्क्रू नको, त्याचं टोक आत येतं आणि तंतू धरून ठेवतं. काटकोनातलं प्रत्येक वळण साधारण 5 फूट सरळ पाइपाइतका अडथळा करतं, म्हणून वळणं शक्य तितकी कमी ठेवा. बाहेरच्या तोंडाला झडपेचं हूड बसवा. कबुतरांच्या भीतीने जाळी मारली तर ती थोड्याच दिवसांत तंतूंनी बुजते, हवा अडते आणि पुन्हा कपडे दमटच निघतात.

ड्रायर जितकी हवा बाहेर टाकतो तितकी आत यायला हवी, तेव्हा चालू असताना एक काच चार बोटं सरकवून ठेवा. त्याच बाल्कनीत किंवा लगतच्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर दोन्ही एकदम कधीच चालवू नका. ड्रायर हवा ओढतो तेव्हा गिझरचा विषारी धूर घरात उलटू शकतो. त्यात जिवाला धोका आहे.

मशीनमधली जाळी दर वेळी आणि आतला पाइप वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, साफ करा. ड्रायर चालू असताना बाहेरची झडप पुरती उघडत नसेल तर पाइप तुंबला असं समजा.

प्रश्न : खानापुरात भाड्याने राहतो. भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नाहीत.

उत्तर : सरकत्या खिडकीची एक काच काढून तिथे भोक पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा. घर सोडताना काच परत लावता येते. ड्रायर अजून घेतला नसेल तर हीट पंपवाला घ्या. त्याला पाइप लागत नाही. पाणी टाकीत जमतं किंवा नळीने मोरीत सोडता येतं. किंमत जास्त आहे, पण वीज साधारण निम्मीच लागते.